तुर्भ्यात गार, घणसोलीत गरम

"उघडू नकोस. बघ, मान हलव, सही घे आणि ये."

एवढं सांगून मोहनशेठनी स्कूटरची चावी काउंटरवर सरकवली. मी टूलबॅग आधीच खांद्याला लावली होती. ती बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

जुईनगर स्टेशनजवळ आमचं दुकान आहे. घरचे फ्रिज, एसी, आइस्क्रीमवाल्यांचे डीप फ्रीजर, जे येईल ते आम्ही दुरुस्त करतो. मोहनशेठ मालक, मी मेकॅनिक.

"सही कसली?" मी विचारलं.

"घणसोली गावात एक कॅराव्हॅन आहे. चालतं-फिरतं घर असतं ना, ते. त्यातला फ्रिज गार होत नाही. तुर्भ्याचा डीलर म्हणतो कूलिंग युनिट गेलं, नवीन टाका. कस्टमर मानत नाही. बाहेरच्या मेकॅनिकनं सांगितलं तर मानेल आणि नव्या युनिटच्या कागदावर सही देईल. म्हणून डीलरनं आपल्याला सांगितलंय."

"म्हणजे मी बघायच्या आधीच युनिट गेलंय."

"कोमल, तुझी चळवळ शटरच्या बाहेर ठेव. त्या डीलरकडून आपल्याला महिन्याला चार कामं येतात."

शेठ साताऱ्याकडचे. माझे वडीलही तिकडचेच, मार्केटात माथाडी. त्या ओळखीवर मी आयटीआयमधून रेफ्रिजरेशन करून इथं लागले. चळवळ म्हणजे काय, तेही सांगते. रविवारी आम्ही काही जण नेरूळला भाजी मार्केटबाहेर पत्रकं वाटतो. 'फेकण्याआधी उघडा' हे त्याचं शीर्षक. मागणी साधी आहे. विकलेली वस्तू दुरुस्त करता आली पाहिजे. तिचे सुटे भाग मिळाले पाहिजेत. ती कशी वापरायची हे घेणाऱ्याला त्याच्या भाषेत सांगितलं गेलं पाहिजे. लोक पत्रक घेतात आणि त्यात मिरच्या बांधून नेतात. चालतं. घरी मिरच्या सोडताना तरी दोन ओळी वाचतील.

तर मी टूलबॅग घेऊनच निघाले.

घणसोली गावात कॅराव्हॅन शोधावी लागत नाही. चार-चार मजली भाड्याच्या खोल्या एकमेकींना खांदा लावून उभ्या. मध्ये जेमतेम टेम्पो जाईल एवढी गल्ली. ती वर गावदेवीच्या देवळाकडे चढत जाते. गल्ली थोडी रुंद होते तिथं एका घरासमोर ही पांढरी गाडी. मिनीबसच्या सांगाड्यावर बांधलेलं घर. दारात रांगोळी, आरशाला लिंबू-मिरची, खिडकीला पडदे. गाडीचं तोंड बरोबर देवळाकडे.

दारात एक बाई उभ्या होत्या. गाऊनवर ओढणी, हातात झारा. पन्नाशी ओलांडलेली असावी.

"तूच का मेकॅनिक?"

"हो."

"बरा झाला. तुर्भ्याचं पोरगं फ्रिजकडं बगतच नवतं, मोबाईलमंदी बगत. ये वर. चप्पल काढ, घर हाय ता माजा."

या सुमनकाकी. गाडी त्यांच्या मालकीची आणि चालवतात त्याच. त्यांचे यजमान दत्तूकाका मागच्या सीटवर हाताची घडी घालून बसले होते. या घरची शेती इथंच होती, आता तिथं टॉवर आहेत. शेती गेल्यावर काकांनी सेंटरिंगची कामं धरली. स्लॅब ओतण्याआधी खाली फळ्या आणि टेकू लावतात ते सेंटरिंग. त्या फळ्यांचा टेम्पो चालवायच्या काकी. ड्रायव्हर टिकत नव्हते म्हणून एकदा स्वतः बसल्या, त्या पुन्हा उतरल्या नाहीत.

"लोकांच्या घरांना फल्या पोचवल्या जलमभर," काकी म्हणाल्या. "आता माजा घर मी चालवनार. हितून निगायचा ता डायरेक कन्याकुमारी. आमची खाडी ज्या समिंद्राला मिलते, तो फुडं कुटं जाते ता बगायचा हाय मला."

"आणि औषध?" काका मागून म्हणाले.

सगळं घोडं तिथंच अडलं होतं. काकींना रोज इन्शुलिन लागतं. टोचायचं चालू असलेलं पेन काही दिवस बाहेर राहिलं तरी चालतं, पण उरलेला साठा थंड लागतो. फार गरम झाला तर त्यातला दम जातो, आणि हे बाहेरून बघून कळत नाही. प्रवास दोन महिन्यांचा. डॉक्टर म्हणाले होते, जा, पण फ्रिज पक्का असेल तर. इन्शुलिन सुरू झाल्यापासून काकी घरच्या फ्रिजपासून एक रात्रही लांब राहिल्या नव्हत्या. ही सेकंडहँड गाडी त्यांनी पसंत केली ती आतला फ्रिज बघून. आणि नेमका तोच गार होत नव्हता.

"चार दिसांनी निगायचा ठरलाय," काका म्हणाले. "नवीन युनिट यायला दीड म्हयना. तवर पाऊस लागल. मी सांगतो, इकून टाक. कामोठ्याचा एक गिऱ्हाईक तयार हाय. वाटंत हिला काय झाला ता मी कोनाच्या नावानं बोंबलू?"

काकी झारा घेऊन ओट्याकडे वळल्या. त्या भांडल्या नाहीत, यावरूनच मला कळलं की गाडी खरंच विकली जाऊ शकते.

आता फ्रिजबद्दल. जरा थांबून वाचा, कारण हे यंत्र त्या लायकीचं आहे.

तुमच्या घरच्या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर असतो. रात्री घुर्र करतो तो. तो गॅस दाबतो, ढकलतो, फिरवतो. या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर नाही. मोटर नाही, पंखा नाही, फिरणारं काहीच नाही. पाठीमागे नुसत्या वेटोळ्या नळ्या. त्यांच्या आत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन कायमचे बंद करून ठेवलेले. खाली एक छोटी ज्योत पेटवायची, किंवा हीटर लावायचा. उष्णतेनं पाण्यात विरघळलेला अमोनिया वाफ होऊन वर चढतो. वर गार होऊन तो द्रव होतो. तो उतरत जातो आणि फ्रिजच्या आतल्या नळीत त्याची पुन्हा वाफ होते. वाफ होताना तो आतली उष्णता ओढून घेतो, म्हणून फ्रिज गार. मग ती वाफ पाण्यात विरघळते आणि ते पाणी घरंगळत खाली मूळ जागी येतं. पुन्हा ज्योत, पुन्हा वाफ.

म्हणजे ज्योत पेटवून गारवा तयार करायचा. आयटीआयच्या पुस्तकात याच्यावर जेमतेम एक पान होतं आणि सरांनी ते 'परीक्षेला येत नाही' म्हणून सोडलं. मी ते पान घरी वाचलं आणि रात्रभर डोळ्यासमोर नळ्या फिरत राहिल्या. ज्या कुणी हे पहिल्यांदा सुचवलं असेल त्याला माझा नमस्कार. हा फ्रिज तीन गोष्टींवर चालतो. घरची वीज, गाडीची बॅटरी, नाहीतर गॅस सिलिंडर. आवाज करत नाही, झिजत नाही, नीट ठेवला तर माणसापेक्षा जास्त टिकतो. आणि असल्या यंत्राला न उघडता 'गेलं' म्हणायचं!

मी कामाला लागले.

पहिली तक्रार काकांची. "आमच्या गावठानात होल्टेज कमी हाय. तेचाच परताप."

गाडीला घरातून वायर टाकून वीज घेतली होती. मी मीटर लावला. फ्रिज चालू असताना मोजलं, बंद करून मोजलं. व्होल्टेज ठीक. हीटरही तापत होता. मग वीज बंद केली आणि गॅसवर लावून बघितला. ज्योत निळी, स्थिर, काजळी नाही. म्हणजे खाली आग लावणारा आपलं काम करत होता.

दुसरं, हवा. या फ्रिजच्या मागे गाडीच्या भिंतीला दोन जाळ्या असतात. खालून गार हवा आत, वरून गरम हवा बाहेर. त्या तुंबल्या तर फ्रिज आपल्याच उष्णतेत घुसमटतो. दोन्ही जाळ्या मोकळ्या. खालच्या जाळीत चिमणीनं चार काड्या आणून टाकल्या होत्या, त्या मी काढल्या.

तिसरं, दार. दाराचं रबर सैल असेल तर बाहेरची हवा आत शिरते. तपासायची सोपी रीत म्हणजे दारात कागद धरायचा, दार लावायचं आणि कागद ओढून बघायचा. सुळकन आला तर रबर गेलं. माझ्या खिशात आमचं पत्रकच होतं. चारी बाजूंनी धरून बघितलं, हलेना. आमचं पत्रक इतकं घट्ट कुणी पहिल्यांदाच धरून ठेवलं.

चौथं, गळती. अमोनिया गळाला तर वास नाकात झोंबतो आणि नळीवर पिवळा डाग पडतो. वास नाही, डाग नाही.

मग मी मागची जाळी काढून नळ्यांवर हात फिरवला. आणि थांबले. खालचा भाग, जिथं उष्णता देतात तो, चटका बसेल इतका तापलेला. बाजूचं वेटोळं मात्र जवळपास थंड. चालू फ्रिजमध्ये हे वेटोळंही कोमट लागायला हवं. याचा अर्थ आतला प्रवाह फिरत नव्हता. आग होती, वाट बंद होती.

खरं सांगते, युनिट मेलं की अगदी असंच लागतं. डीलर खोटं बोलत नव्हता असं दिसत होतं, आणि हे मला अजिबात आवडलं नाही.

मी डीलरच्या सर्व्हिस मॅनेजरला फोन लावला.

"सर, घणसोलीची कॅराव्हॅन. तुमच्याकडे गाडी आली तेव्हा नळ्या कशा लागत होत्या?"

"कसल्या नळ्या?"

"फ्रिजच्या मागच्या."

"मॅडम, दोनदा गाडी आली. दोन्ही वेळा आमच्या यार्डात फ्रिज फर्स्ट क्लास गार झाला. तिसऱ्यांदा कस्टमर परत तेच रडगाणं घेऊन आले. मग आम्ही म्हटलं, युनिट इंटरमिटंट फेल आहे. कधी चालतं, कधी नाही. रिप्लेस. तुम्ही सही घ्या ना."

"तुमच्याकडे चालतो, इथं चालत नाही. इथं येऊन बघितलं का कुणी?"

"एवढ्या लांब कोण येणार?"

तुर्भ्याहून घणसोली. मधे मोजकी स्टेशनं. लांब म्हणे!

पण यार्डात फ्रिज गार झाला होता, हे त्यांनीच सांगितलं होतं. मेलेला माणूस तुर्भ्याला नेला म्हणून उठून बसत नाही. मी काकींना विचारलं, "रस्त्यावर असताना कसा असतो?"

"एकदम मस्त! मागं अलिबागला सकाली जाऊन राती आलेलो, कोलंबी बरफासारखी राहिली. घरी आणून उभी केली का दुसरे दिशी लोनी पातल."

चालताना गार. तुर्भ्यात गार. घणसोलीत घरासमोर गरम. वीज सारखी, फ्रिज तोच. मग इथं असं काय आहे जे तुर्भ्यात नाही?

"जेवून घे आदी," काकी म्हणाल्या. "उपाशी डोक्यानं काय सुचत नाय."

गाडीतल्या छोट्या ओट्यावर त्या बोंबील तळत होत्या. गाडीसोबत आलेली शेगडी त्यांना पसंत नव्हती, म्हणून घरची दोन बर्नरची शेगडी वर मांडली होती. मी मदत करावी म्हणून तवा उचलायला गेले आणि शेगडी हलली. खाली वाकून बघितलं. शेगडीच्या मागच्या दोन पायांखाली पुठ्ठ्याच्या घड्या होत्या. चांगल्या जाड.

"काकी, हे पुठ्ठे कशाला?"

"मंग काय करनार? तेल पलतं ना! सगला तेल मागं जातं, फुडचं बोंबील कोरडं. पुट्टा लावला का तेल मदोमद."

"कायम?"

"हितं उभी असली का. रस्त्यावर नाय लावावा लागत."

मी पुठ्ठे काढले. काकी "अगो, अगो" म्हणेपर्यंत तेल तव्याच्या मागच्या कडेला जाऊन साचलं, आणि पुढचे दोन बोंबील नुसते चरचरत राहिले. मी त्या तेलाकडे बघतच राहिले. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कुणास ठाऊक, काका उठून उभे राहिले.

"काय झाला?"

"काका, गाडी उतारावर आहे."

"ती ता हाये. गल्लीच चढाची."

"त्या नळ्यांमधलं पाणी कुणी ढकलत नाही, काका. पंप नाही. ते आपल्या वजनानं घरंगळतं. गाडी कलली की नळ्याही कलतात. पाणी जिथं घरंगळायचं तिथं न जाता कोपऱ्यात साचून बसतं. या तेलासारखं. खाली आग चालू, पण फिरायला काही उरतच नाही. रस्त्यावर गाडी हलत असते, पाणी हिंदकळत पुढं सरकतं. तुर्भ्याचं यार्ड सपाट आहे. म्हणून तिथं गार."

काकी झारा हातात धरून माझ्याकडे बघत होत्या. मग काकांकडे वळून म्हणाल्या, "म्हंजे गाडी पानसलीत नाय."

पाणसळ. गवंड्यांचा शब्द. भिंत, ओटा, स्लॅब सपाट आहे की नाही ते पाण्यावरून बघणं. मी इतका वेळ मनातल्या मनात 'ऑफ-लेव्हल' म्हणत होते आणि काकांना समजावून सांगत होते. ज्या माणसानं जन्मभर स्लॅब पाणसळीत धरले त्याला! काका कपाळाला हात लावून खाली बसले. "आयला," ते म्हणाले, "फ्रिजला पन पानसल लागते?"

"लागते."

"ह्या तुर्भेवाल्याला म्हाईत नवता?"

त्याला माहीत असायला हवं होतं. फ्रिजच्या पुस्तकात ते लिहिलेलं असतं, इंग्रजीत, बारीक अक्षरात. पण गाडी सेकंडहँड विकताना पुस्तक दिलंच नव्हतं. आणि तोंडानं एक वाक्य सांगायला काय जातं? 'काकी, उभी करताना सपाट उभी करा.' बस. एवढ्या एका वाक्याच्या आळसापायी एका बाईची कन्याकुमारी कामोठ्याच्या गिऱ्हाइकाला जाणार होती.

"सोपं आहे," मी म्हणाले. "मागच्या खोल्यांपाशी सपाट जागा आहे. गाडी तिथं लावा. फक्त उलटी लावावी लागेल, जागा तशीच आहे."

काकींनी खिडकीतून देवळाकडे बघितलं.

"उलटी म्हंजे देवीकडं पाठ," काकी म्हणाल्या.

"असू दे की."

"नाय असू द्यायची. नवी गाडी गावदेवीच्या तोंडाम्होरं उभी करतात. पाठ करून नाय."

इथं माझ्याकडे भाषण तयार होतं. अंधश्रद्धा, विज्ञान, आरोग्य. पत्रकाच्या तीन बाजू भरतील एवढं. मी पहिलं वाक्य सुरूही केलं, "काकी, देवीला काय फरक..."

"थांब, बाय," काकींनी झाऱ्यानंच मला अडवलं. "तुझ्या फ्रिजला सरल उभा ऱ्हायचा हाय. मला देवीकडं तोंड करून उभा ऱ्हायचा हाय. तू मेकॅनिक ना? दोगांचा जमव."

ही मागणी रास्त होती. माणसानं यंत्रासाठी वाकायचं की यंत्र माणसाला सोयीचं करायचं, हे मी दर रविवारी ओरडून विचारते, आणि इथं मीच बाईला वाकायला सांगत होते. गाडी फिरवायची काही गरज नव्हती. तोंड आहे तिथंच ठेवून मागची चाकं उचलायची होती.

"काका, सेंटरिंगच्या फळ्या आहेत का अजून?"

काका हसले. त्या दिवशी पहिल्यांदा.

पुढचं काम बघण्यासारखं होतं. काकांनी घराच्या मागून जाड फळ्या आणल्या आणि मागच्या चाकांपुढे रचल्या, पायऱ्या रचतात तशा. मग कुठूनतरी लेव्हल पाईप आणला. ही नुसती पारदर्शक प्लास्टिकची नळी असते, पाणी भरलेली. तिची दोन टोकं कितीही लांब धरा, दोन्हीकडचं पाणी एकाच उंचीला उभं राहतं. एक टोक मी पुढच्या दारापाशी धरलं, दुसरं काकांनी मागच्या बाजूला. काकी ड्रायव्हर सीटवर बसल्या. ओढणी कमरेला खोचली आणि आरशात बघायला लागल्या.

"ये... ये... जरा... अगो हलू!" काका ओरडले.

"मला शिकवू नको! तुझ्या फल्या वाहिल्यात मी!"

एवढी मोठी गाडी, खाली फळ्या, दोन्ही बाजूंना घरांच्या भिंती. वरच्या खिडक्यांतून भाडेकरू बघायला लागलेले. काकींनी क्लच इतका हळू सोडला की चाक फळीवर चढलं ते डोळ्यांना दिसलं, अंगाला जाणवलं नाही. अर्धा हात पुढे. थोडं मागे. पुन्हा पुढे. नळीतलं पाणी माझ्या खुणेच्या जवळ येत गेलं आणि एका क्षणी दोन्हीकडे बरोबर थांबलं.

"पानसल!" काका ओरडले.

काकींनी हँडब्रेक ओढला, काकांनी चाकांखाली पाचरी ठोकल्या. मी आत जाऊन फ्रिजजवळ लेव्हल बघितली, मग तव्यात थोडं तेल टाकून ओट्यावर ठेवलं. पुठ्ठ्याशिवाय. तेल मध्यभागी गोल होऊन बसलं.

गाडीचं तोंड देवळाकडेच होतं.

पण काम संपलं नव्हतं, आणि हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. कललेल्या अवस्थेत हा फ्रिज बरेच दिवस तापवला गेला होता. फार तापला तर आतल्या पाण्यात गंज रोखायला घातलेला क्षार नळीत बसतो आणि वाट कायमची बंद करतो. तसं झालं असेल तर डीलर बरोबर आणि मी चूक. ते आत्ता कळणार नव्हतं. हा फ्रिज सावकाश गार होतो, त्याला घाई नाही. मी फ्रिज बंद केला, नळ्या थंड होऊ दिल्या, पाणी आपल्या जागी जाऊ दिलं आणि संध्याकाळी पुन्हा चालू केला. आत एक ग्लास पाणी ठेवून त्यात थर्मामीटर सोडला. हवेपेक्षा पाण्याचं तापमान खरं बोलतं.

"दार उघडून बघायचं नाही," मी म्हणाले. "सकाळी मी येते."

"मी ता दाराला हातच लावनार नाय," काकी म्हणाल्या आणि फ्रिजसमोर कुंकवाचा करंडा ठेवला. मी तो तिथंच राहू दिला. शिकले होते.

दुकानात परत आल्यावर शेठनी हात पुढे केला. "सही?"

"नाही."

"म्हणजे?"

"उद्या सकाळी सांगते."

"उद्या सकाळी डीलरला मी काय सांगू?"

"सांगा, मेकॅनिक मुलगी उद्धट आहे."

"ते त्याला माहितीये."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी मी घणसोलीत होते. काकी अंघोळ करून, गजरा माळून दारात उभ्या होत्या. काका मुद्दाम पेपर वाचत होते, उलटा धरून नव्हे एवढंच. मी दार उघडलं. आतून गारवा हातावर आला, पण हातावर विश्वास ठेवत नाहीत. ग्लास बाहेर काढला. थर्मामीटर पाच अंशांवर. औषधाला दोन ते आठ लागतं. अगदी मधोमध.

मी मागे जाऊन वेटोळ्यावर हात ठेवला. कोमट. एखाद्या झोपलेल्या जनावराच्या अंगासारखं. आत सगळं फिरत होतं, आवाज न करता, कुणी न ढकलता.

"पाच," मी म्हणाले.

काकींनी ग्लास माझ्या हातातून घेतला, त्यातलं पाणी प्यायल्या आणि रिकामा ग्लास काकांच्या पेपरवर ठेवला. "कामोठ्याला फोन कर," त्या म्हणाल्या. "सांग, गाडी कन्याकुमारीला गेली."

काकांनी फोन केला. मग म्हणाले, "वाटंत दर ठिकानी पाईप धरीत बसायचा का आमी?"

"नाय," काकी म्हणाल्या. "तवा हाय ना. तेल मदी आला का फ्रिज खूश."

मी ही पद्धत तपासून बघितली. चुकीची नाही. एका पसरट तव्यात थोडं तेल, फ्रिजजवळच्या सपाट जागेवर. ज्या कोपऱ्यात जाईल त्या बाजूच्या चाकाखाली फळी. दुकानात मिळणाऱ्या बुडबुड्याच्या लेव्हलपेक्षा काकींना ते जास्त पटकन वाचता येतं. थर्मामीटर मात्र मी आतच ठेवायला लावला. तव्यावर श्रद्धा असू दे, पण औषधाचा आकडा रोज बघायचा, आणि आठच्या वर गेला की तो साठा न वापरता डॉक्टरांना फोन करायचा. हे मी दोघांकडून म्हणवून घेतलं.

मग मॅनेजरला फोन केला.

"अरे वा," तो म्हणाला. "म्हणजे यूजर एरर. रिपोर्टमध्ये यूजर एरर लिहा."

हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. यूजर एरर. म्हणजे विकणाऱ्यानं सांगितलं नाही, पुस्तक दिलं नाही, येऊन बघितलं नाही, आणि चूक कुणाची, तर वापरणाऱ्याची. जिनं कुणी न सांगता तव्यापुरती पाणसळ स्वतः शोधून काढली होती, तिची!

"मी लिहिते," मी म्हणाले. आणि रिपोर्टमध्ये लिहिलं, 'फ्रिज उत्तम आहे. गाडी सपाट उभी करावी लागते हे ग्राहकाला सांगितलेलं नव्हतं. आता सांगितलं.' खाली सही. सही आणायला पाठवलं होतं ना, माझीच दिली.

डीलरनं महिनाभर आम्हाला एकही काम दिलं नाही. शेठ रोज सकाळी फोनकडे बघायचे आणि मग माझ्याकडे. माझ्यासाठी चहा अर्धाच सांगायचे. एका सकाळी फोन वाजला. नेरूळला एका सोसायटीत दुसरी कॅराव्हॅन, तीच तक्रार. मॅनेजर शेठना विचारत होता, "ती उद्धट मुलगी मोकळी आहे का?"

त्याच आठवड्यात माझ्या मोबाईलवर एक फोटो आला. ना समुद्राचा, ना सूर्योदयाचा, ना दोघांचा. गाडीतल्या ओट्यावर तवा, तव्यात तेल, तेल बरोबर मधोमध. खाली काकींचा आवाज. "पोहोचलो. हितं तीन समिंद्र हायत. पानसलीत हाय सगला."

मी तो तीनदा ऐकला. मग आमच्या पत्रकाच्या नव्या छपाईत 'फेकण्याआधी उघडा' याच्या खाली एक ओळ वाढवली, 'आणि उघडण्याआधी, ते कुठं उभं आहे ते बघा.'

शेठनी प्रूफ हातात घेतलं, दोनदा वाचलं आणि चष्मा काढला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "खाली दुकानाचा पत्ता टाक."